आमच्या घरावरची काठी



आमच्या घराच्या पत्र्यावर एक उंच लोखंडी काठी आहे. तिच्या टोकाला माशाच्या काट्यासारख्या आडव्या नळ्या आहेत. तिला अँटेना म्हणतात. दिवाळीच्या आधी भंगारवाला आला, तेव्हा बाबा म्हणाले, "ही काठी देऊन टाकू." आजी म्हणाली, "तिला हात लावायचा न्हाई." आजी असे का म्हणाली ते मला कळेना. म्हणून मी आजीला आणि आमच्या गुरुजींना विचारून ही माहिती मिळवली.

भारतात दूरदर्शन प्रथम 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीला सुरू झाले. आपल्या महाराष्ट्रात ते 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईला आले. वरळीला त्याचे केंद्र आहे आणि तिथला मनोरा 300 मीटर उंच आहे. पहिल्यांदा दूरदर्शन हा आकाशवाणीचाच भाग होता. 1 एप्रिल 1976 पासून ते वेगळे झाले.

आता प्रश्न असा, की मुंबईचे चित्र आमच्या खंडाळा तालुक्यात कसे आले? मध्ये तर केवढे डोंगर!

गुरुजींनी आम्हाला एक प्रयोग करून दाखवला. वर्गाची दारे-खिडक्या लावून घेतल्या. टेबलावर दप्तरांचा ढीग केला आणि एका बाजूने टॉर्च लावला. ढिगाच्या पलीकडे अंधारच राहिला. मग एका मुलाने ढिगाच्या वर आरसा धरला. तेव्हा उजेड पलीकडे पडला. गुरुजी म्हणाले, "दूरदर्शनची लहर टॉर्चच्या उजेडासारखी जवळजवळ सरळ जाते. डोंगर आडवा आला की अडते."

आरशाचे काम आपल्याकडे सिंहगडाने केले. सिंहगड 1312 मीटर उंच आहे. 1973 साली तिथून मुंबईचे कार्यक्रम पुढे पाठवणे सुरू झाले. आरसा उजेड नुसता वळवतो. पण सिंहगडावरचे यंत्र मुंबईची लहर घेऊन ती पुन्हा जोरदार करून सोडायचे. आमच्या गावापासून सिंहगड वायव्येला आहे. म्हणून काठीचे तोंड वायव्येला करावे लागे. वाऱ्याने ते जरा हलले की पडद्यावर मुंग्या यायच्या.

आजीचे माहेर सांगली जिल्ह्यात तासगावकडे आहे. तिकडे सिंहगड फार लांब पडतो. त्यामुळे तिथे मुंग्यासुद्धा आल्या नाहीत! पण सांगलीला 1963 सालापासून आकाशवाणी केंद्र आहे. त्या रेडिओची लहर जमिनीला धरून जाते, तिला डोंगर तेवढा अडवत नाही. म्हणून आजी लहानपणी रेडिओच ऐकायची.

15 ऑगस्ट 1982 पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभरच्या केंद्रांवरून एकाच वेळी दाखवू लागले. रंगीत चित्रही तेव्हाच आले. मुंबईचे मराठी कार्यक्रम होतेच. 1984 साली देशात ठिकठिकाणी छोटी प्रक्षेपण केंद्रे भराभर निघाली. छोट्या केंद्राची लहर थोडेच किलोमीटर जाते, पण सिंहगडापासून लांबच्या गावांना त्यांचाच आधार झाला.

आमच्या घरी टीव्ही 1983 साली आला. तो काळा-पांढरा होता. सगळी आळी ओसरीवर गोळा व्हायची. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं' लागायचे, नाटुकल्यांचा 'गजरा' लागायचा. मी आजीला म्हटले, "आजी, तुला त्यातले काय आवडायचे?"

आजी हसली. म्हणाली, "अगं, मी कुठली बघत्येय! मी पत्र्यावर, बाकी समदी खाली."

आजी घरातली धाकटी सून होती. चित्र गेले की तिला वर चढायला सांगायचे. ती पदर खोचून शिडीने वर जायची आणि काठी फिरवायची. वरून ओरडायची, "आलं का?" खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं! गेलं! आता हलवू नगंस!" मग कधी कधी ती कार्यक्रम संपेपर्यंत काठी तशीच धरून उभी राहायची. खाली हसण्याचा आवाज यायचा, पण का हसले ते तिला कळायचे नाही. खाली आल्यावर भाकरी करायच्या असायच्या.

मला हे ऐकून वाईट वाटले. बाबांनाही हे माहीत नव्हते. तेव्हा ते लहान होते आणि खाली पुढच्या रांगेत बसायचे.

आता लहर 36 हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर येते. उपग्रह आपल्याला एकाच जागी दिसतो, म्हणून छत्री रोज फिरवावी लागत नाही. 2022 सालापर्यंत अशा काठीवर दिसणारे दूरदर्शनचे जुने प्रक्षेपण बहुतेक ठिकाणी बंद झाले. मुंबईच्या मराठी वाहिनीचे नाव आता सह्याद्री आहे.

बाबांनी भंगारवाल्याला काठी दिली नाही. आता टीव्ही लावला, की मी आधी आजीला बोलावते आणि तिला पुढे बसवते. ती म्हणते, "आता डोळ्याला दिसंना," पण बसते.

तुमच्या घरावर अशी काठी असली, तर तिचे तोंड कुठे आहे ते बघा. आणि ती कोण फिरवत होते, ते घरी नक्की विचारा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी