चार पर्यायांपैकी एक

आठवीच्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरचे उत्पन्न बेताचे आहे, त्यांस राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेस बसता येते. निवड झालेल्यास नववीपासून बारावीपर्यंत दरसाल १२,००० रुपये मिळतात. आमच्या धाराशिव जिल्ह्यात, जेथे पावसाने दगा दिला की मुलाच्या शिक्षणावर गदा येते, ही रक्कम अल्प नव्हे. या परीक्षेत बौद्धिक क्षमता व शालेय विषय यांच्या दोन प्रश्नपत्रिका असून प्रत्येकीत ९० प्रश्न व ९० मिनिटे असतात. या घाईत मुले अज्ञानाने जितकी चुकतात तितकीच, किंबहुना अधिक, अपुऱ्या वाचनाने चुकतात, असे आमचे मत आहे.

अशा पर्यायी प्रश्नांचा उगमही वाचनाच्याच परीक्षेत आहे. अमेरिकेत १९१५ च्या सुमारास फ्रेडरिक केली यांनी मूकवाचन तपासण्यासाठी ते योजिले होते.

मराठीत तर एक विशेष अडचण आहे. आपल्या भाषेत नकार बहुधा वाक्याच्या अखेरीस येतो. 'पुढीलपैकी कोणते गाव धाराशिव जिल्ह्यात नाही?' हा प्रश्न घ्या. पर्याय : तेर, नळदुर्ग, परंडा, औसा. उतावळा विद्यार्थी 'जिल्ह्यात' या शब्दापर्यंत वाचतो, गोरोबाकाकांचे तेर दिसताच हर्षभराने वर्तुळ काळे करतो, आणि 'नाही' हा शब्द वाचावयाचा राहूनच जातो. उत्तर औसा होय. १९८२ साली लातूर जिल्हा निराळा झाला, तेव्हा ते तिकडे गेले. (घरच्या आजोबांस विचाराल तर ते कदाचित् चारही गावे आपलीच म्हणतील!) तस्मात् 'नाही', 'अयोग्य', 'वगळता', 'विसंगत' असा शब्द आढळताच त्यावर बोट ठेवून प्रश्न पुन्हा वाचावा.

गणितात मोह निराळा असतो. ८० रुपयांची वस्तू १०० रुपयांस विकली, तर शेकडा नफा किती? पर्याय : २०, २५, ८०, १२५. येथे २० हा आकडा सहज तेथे आलेला नाही. वजाबाकी करून जो थांबेल त्याच्यासाठीच तो मांडलेला आहे. नफा खरेदीवर मोजावयाचा, म्हणून उत्तर २५. अशा वेळी पर्याय हाताने झाकावेत, गणित आधी सोडवावे, मग हात काढावा.

उत्तर मुळीच येत नसेल तर जे पर्याय खचित चुकीचे, ते मनात खोडून उरलेल्यांतून एक निवडावा. या परीक्षेत चुकीबद्दल गुण वजा होत नाहीत. पुढे 'नीट' परीक्षेत मात्र प्रत्येक चुकीस एक गुण जातो, हे मोठ्या मुलांनी ध्यानी ठेवावे.

एखादा प्रश्न मागे ठेवला व उत्तरपत्रिकेवरील त्याची ओळ सोडावयाची राहिली, तर पुढील सारी उत्तरे एकेक ओळ वर सरकतात. दर पाच प्रश्नांनंतर दोन्हीकडील क्रमांक ताडून पाहावेत. पालकांनीही घरी जुनी प्रश्नपत्रिका सोडवून घेताना, मुलास प्रत्येक प्रश्न शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचावयास लावावा व मगच उत्तर विचारावे.