हालायच्या रांगेबाहेरचा ढोलवाला

तुर्कस्तानात कापादोकियाला जाणाऱ्या पाहुण्याला लोकनृत्य तिकीट लावून दाखवतात. डोंगरात कोरलेले हॉटेल, जेवण, तासाभरात निरनिराळ्या प्रांतांचे नाच. 2023 साली आम्हीही पाहिले. वाईट नव्हते. पण लोकांचा नाच लोकांच्या दारात पाहावा म्हणून आम्ही शेजारच्या किर्शेहिर प्रांतात एका ओळखीच्या घरच्या लग्नाला गेलो.

नाच रस्त्यावरच होता. त्याचे नाव हालाय. माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात, करंगळीत करंगळी अडकवतात. पहिला रुमाल फिरवतो आणि सारी रांग एका पावलाने मागे-पुढे होते. आधी संथ, मग लय चढत जाते. तुम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारले नाही. दोन करंगळ्या पुढे आल्या आणि आम्ही रांगेत! एका बाजूला शिक्षक, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरवाला. आमची पावले चुकत होती, रांग तुटली नाही. डोळे भरून आले, हे कबूल करायला लाज कसली?

दम लागून बाहेर आलो तेव्हा वाजवणाऱ्यांकडे लक्ष गेले. एकाच्या गळ्यात दावुल, म्हणजे मोठा ढोल. एका तोंडावर जाड दांडका, दुसऱ्यावर बारीक छडी. दुसऱ्याच्या तोंडात सनईच्या जातीची झुर्ना. गालात हवा साठवून तो नाकाने श्वास घेतो, सूर तुटू देत नाही. वाजवणाऱ्याचे हात रांगेत कसे असतील, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण तीन तासांत ढोल कुणी क्षणभरही स्वतःच्या गळ्यात घेतला नाही. नाचणारे येत आणि त्यांच्या कपाळावर नोटा चिकटवत.

हे अब्दाल. मध्य अनातोलियातील लग्ने पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वाद्यांवर लागतात. थोर गायक नेशेत एर्ताश (1938-2012) याच समाजातले. लहानपणी वडील मुहर्रेम एर्ताश यांच्याबरोबर लग्नांतून वाजवत फिरलेले. सरकारने देऊ केलेली 'राज्य कलाकार' ही पदवी त्यांनी नाकारली. लोकांचा कलाकार राहणे त्यांना पुरेसे होते.

तुर्कस्तानच्या 1982 च्या राज्यघटनेचे दहावे कलम कायद्यापुढे सर्वांना समान मानते. जेवणातही भेद दिसला नाही. अब्दाल त्याच मांडवात, तेच अन्न जेवले. तरी वकिलाची खोड जाईना. यजमानांच्या पुतण्याला हळूच विचारले, "ढोलवाल्याच्या घराशी सोयरिक कराल?" तो हसला, मग गप्प झाला. "ते वेगळे लोक आहेत," एवढेच म्हणाला. एका माणसाच्या उत्तरावरून देश जोखू नये. पण 1936 साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेब सहभोजनापाशी का थांबले नाहीत, बेटीव्यवहारापर्यंत का गेले, ते त्या मांडवात पुन्हा आठवले.

आमचे आजोबा गावच्या वरातीपुढे हलगी वाजवत. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर घराने ती खाली ठेवली, ती कायमची. एर्ताशांनी मात्र वाद्य सोडले नाही, पदवी सोडली. दोन्हींत स्वाभिमान आहे. कोणता मोठा, ते आम्हाला ठरवता येत नाही.

निघताना यजमानांनी आमच्या हाती नोट दिली आणि ढोलवाल्याच्या कपाळाकडे बोट दाखवले. हात वर जाईना. आम्ही ती त्याच्या हातात दिली. आमचा संकोच त्याला कळला नसावा. त्याने नोट खिशात टाकली आणि ढोलावर पुन्हा टोला हाणला.