रहस्यकथेवर चाललेली चूल

लिहून पोट भरायचं तर कोणता प्रकार निवडावा, या प्रश्नाला मराठीत कित्येक वर्षं एकच उत्तर होतं: वाचनालयात परत आलेलं पुस्तक ज्या प्रकारात कपाटापर्यंत पोचतच नाही, तो. रहस्यकथा, भयकथा आणि प्रेमाची कादंबरी. विकत घेणारे थोडे, भाड्याने नेणारे अमाप. खाकी पुठ्ठा, दाभणाने घातलेली शिवण, पानोपानी वाचनालयाचा शिक्का, आणि नेमकं शेवटचं पान फाटलेलं. खुनी कोण हे शेजाऱ्याला विचारावं लागे. एक प्रत शंभर घरं फिरायची, पण लेखकाला पैसे त्या एकाच प्रतीचे. म्हणून हप्त्याहप्त्याने नवी कथा देणं भागच होतं.

बाबूराव अर्नाळकरांनी हे गणित सर्वांआधी ओळखलं. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही माणसं वाचकाच्या ओळखीची झाली की पुढच्या पुस्तकाला जाहिरात लागत नसे. त्यांच्या नावावर हजाराहून जास्त रहस्यकथा आहेत. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. या वेगाला नाकं मुरडणाऱ्या समीक्षकांचा मला राग येतो. अक्षरओळख नुकती झालेल्या कामगाराला आणि शाळकरी पोराला वाचायची सवय लावली ती या पुस्तकांनी. नारायण धारपांनी भयकथेला घराच्या माजघरात आणून बसवलं. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद आणि अमर विश्वास लिहिता लिहिता १९८२ साली ‘दुनियादारी’ दिली. खपाऊ प्रकारात हात बसलेला लेखक संवाद किती नेमके लिहू शकतो, हे तिथे दिसतं.

प्रेमकथेचा बाजार मोठा, पण तिथे वेगळी जोखीम होती. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबरीवर १९६९ साली ‘दो रास्ते’ हा गाजलेला हिंदी चित्रपट आला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या एका कथेवरच्या खटल्याचा निकाल लागत होता. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातली ‘श्यामा’ अश्लील ठरवून उच्च न्यायालयाने त्यांना पंचवीस रुपये दंड केला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. दंड पंचवीस रुपयांचा, पण एका दिवाळी अंकातल्या कथेसाठी लेखकाला दिल्लीपर्यंत लढावं लागलं.

एवढं करून हाती काय येतं, हे सरळ मांडून पाहू. तीनशे रुपये किंमत, हजार प्रतींची आवृत्ती, दहा टक्के स्वामित्वधन धरलं तर तीस हजार रुपये, तेही आवृत्ती संपली तर. वर्षाला दोन कादंबऱ्या लिहिल्या तरी शहरातलं घरभाडं निघत नाही. म्हणून शहाण्या लेखकांनी नोकरी सोडली नाही. कोल्हापूरचे बाबा कदम पोलीस प्रॉसिक्यूटर होते आणि त्यांच्या कादंबऱ्यांना त्या कामाचा अनुभव भक्कम पाठीशी होता. हिंदीत सुरेंद्र मोहन पाठकांनी शेकडो कादंबऱ्या लिहूनही टेलिफोन कारखान्यातली नोकरी निवृत्तीपर्यंत केली.

पुढे घरात दूरचित्रवाणी आली, गल्लीतली वाचनालयं एकामागून एक बंद झाली आणि हा धंदा बसला. प्रकार मात्र मेला नाही. ‘धनंजय’सारखे दिवाळी अंक रहस्यकथेला जागा देत राहिले. आज तीच भूक ऐकायच्या पुस्तकांत, मोबाइलवरच्या क्रमशः कथांत आणि रोजच्या मालिकांत भागते. मालिकेच्या लेखनात पैसा सर्वांत नियमित, पण रात्री मागितलेला भाग सकाळी द्यावा लागतो आणि पात्रं आपली राहत नाहीत.

मला सर्वांत जास्त खटकतं ते हक्कांचं. ‘दुनियादारी’ चित्रपट २०१३ साली धो धो चालला, तेव्हा शिरवळकरांना जाऊन दहा वर्षं झाली होती. ‘तुंबाड’ ज्या बीजातून उगवला ते धारपांच्या कथेचं. चित्रपट २०१८चा, धारप २००८ साली गेले. लोकप्रिय कथेचं आयुष्य लेखकापेक्षा लांब असतं, आणि आपल्याकडे कथा एकरकमी मानधनावर सगळ्या हक्कांसकट देऊन टाकण्याची पद्धत जुनी आहे. रहस्यकथा लिहायला बसणाऱ्या तरुण मुलामुलींनी खुनाचा धागा जुळवण्याइतकंच लक्ष करारावर द्यावं. छपाई, ध्वनिपुस्तक, चित्रपट, मालिका आणि भाषांतर यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्यावेत, प्रत्येकाला मुदत घालावी, आणि पुस्तक बाजारातून नाहीसं झालं तर हक्क लेखकाकडे परत येतील हे कलम सही करण्याआधी डोळ्यांनी वाचावं.