घंटा थांबल्यानंतरचे गुरुजी

चांदवडला पहाटे रेणुकामातेच्या मंदिराकडे जाणाऱ्यांत एक आकृती हमखास दिसते. पांढरा सदरा, हातात छत्री आणि समोरच्याचा नमस्कार घेण्यासाठी क्षणभर थांबणारी पावले. हे निवृत्त गुरुजी असतात. एसटी स्थानकातला वाहक, कांद्याच्या लिलावाला आलेला शेतकरी, औषधाच्या दुकानातला तरुण, सारे त्यांना ‘सर’ म्हणूनच हाक मारतात. १९२८ साली श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झालेल्या या तालुक्याच्या गावात शिक्षकाचा मान आजही मोठा आहे. वाचकहो, असे एखादे गुरुजी तुमच्या घरात असतील, किंवा ते तुम्ही स्वतःच असाल. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

महाराष्ट्रातील शाळाशिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतो. शाल, श्रीफळ, सत्काराची भाषणे आणि डोळ्यांत पाणी आणणारा तो एक दिवस. पहिला महिना सुट्टीसारखा जातो. पुढे मात्र पहाटे जाग वेळेवर येते आणि जायचे कुठे, हे सुचत नाही. तीस-पस्तीस वर्षे ज्याचा दिवस घंटेने तासिकांत वाटून दिला, त्याच्या हाती अचानक न वाटलेला दिवस येतो. निवृत्तीत पगार कमी होतो, हे सर्वांना दिसते. आपली कोणी वाट पाहत नाही, ही जाणीव मात्र कोणाला दिसत नाही, आणि प्रकृतीवर तिचाही परिणाम होतो.

५८व्या वर्षी सुरू झालेले विद्यापीठ

या वळणावर एका शिक्षकाचे आयुष्य आठवावे. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८चा. कोकणातील मुरूडला ते वाढले. १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले. महाविद्यालयातले काम आटोपून हिंगण्याच्या आश्रमापर्यंतची वाट त्यांनी वर्षानुवर्षे पायी तुडवली. १९१४ साली ते निवृत्त झाले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. तेव्हा त्यांचे वय ५८ होते. आपल्याकडे ज्या वयात सत्काराची शाल खांद्यावर पडते, नेमके तेच.

पुढे वयाची सत्तरी उलटल्यावर त्यांनी युरोप, अमेरिका आणि आफ्रिकेचा प्रवास केला. १९३६ साली, ७८व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांतील मुलांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. १९५८ साली ते भारतरत्न झाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे होऊन, त्यांनी देह ठेवला.

काम करत राहिल्यामुळेच ते इतके जगले, असा निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून होणार नाही. आयुर्मानामागे अनेक कारणे असतात. परंतु त्यांच्या उत्तरायुष्यात तीन गोष्टी अखंड होत्या: चालणे, माणसांत असणे आणि कोणाला तरी आपली गरज आहे ही खात्री. आजचे वैद्यकही वृद्धांना याच तीन गोष्टी सांगते. त्यासाठी विद्यापीठ काढावे लागत नाही. गल्लीतल्या दोन मुलांना अपूर्णांक समजावून देणे, वाचनालयाची नोंदवही सांभाळणे, शेजाऱ्याचा अर्ज नीट लिहून देणे, एवढेही पुरते. अट एकच: ते काम ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी व्हावे. दिवसाला पुन्हा घंटा मिळते.

या कथेला दुसरी बाजूही आहे. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजेच बाया, यांनी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिले. पतीने सारे आयुष्य संस्थेला वाहिले असता घराची ओढाताण कोणाच्या वाट्याला येते, हे त्यातून उमगते. आपल्या घरातही हेच पाहावे. गुरुजी निवृत्त झाले. बाई कधी निवृत्त झाल्या? दिवसभर घरी असलेल्या पतीचा तिसरा चहा हे त्यांच्यासाठी वाढलेले काम असते. भाजी निवडणे, पाणी भरणे, औषधांची वेळ पाहणे यांतले एखादे काम गुरुजींनी कायमचे आपल्याकडे घ्यावे. त्याने दोघांचेही आरोग्य सुधारते.

गप्प झालेले गुरुजी

पुष्कळ घरांत एक तक्रार ऐकू येते: “बाबा हल्ली बोलतच नाहीत. काही विचारले तर भलतेच उत्तर देतात.” घरचे त्याला हट्ट म्हणतात, कोणी विसराळूपणा म्हणतात. प्रत्यक्षात अनेकदा दोष कानाचा असतो. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे ध्वनी हरवतात. स्वर ऐकू येतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणून “आवाज येतो, पण शब्द कळत नाही” अशी स्थिती होते. ज्याने आयुष्यभर शेवटच्या बाकावरची कुजबुज टिपली, त्याला “पुन्हा सांग” म्हणण्याची लाज वाटते. मग तो हसून मान डोलावतो, लग्नसमारंभ टाळतो आणि हळूहळू एकटा पडतो.

हा एकटेपणा क्षुल्लक मानू नये. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आटोक्यात आणता येण्याजोग्या १४ कारणांची यादी लॅन्सेट आयोगाने २०२४ साली दिली. तीत श्रवणदोष आहे आणि सामाजिक एकाकीपणाही आहे. म्हणून आधी कानात मळ साचला आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. नंतर श्रवणचाचणी करा. यंत्र लागले तर सवय होण्यास काही आठवडे जातात. पहिल्याच आठवड्यात ते कपाटात ठेवू नका. ओरडून बोलू नका, ओरडल्याने शब्द अधिक विकृत होतात. उजेडात, समोर बसून, दूरदर्शनचा आवाज बंद करून, सावकाश बोला.

दोन गोष्टी मात्र तातडीच्या समजा. ऐकू येणे एक-दोन दिवसांत अचानक कमी झाले, किंवा काल नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलू लागला, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. झोप उडणे, भूक मंदावणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तेही वयाच्या खात्यावर टाकू नका. नैराश्यावर उपचार आहेत. टेली-मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे दूरध्वनी क्रमांक घरात दिसतील असे लिहून ठेवा.

पायांना आणि मनाला

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ज्येष्ठांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. सोबत आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव असावा. खुर्चीची पाठ धरून एका पायावर काही क्षण उभे राहणे, हा त्याचा सोपा प्रकार. डोंगराच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यांवर अधिक भार येतो, म्हणून कठडा धरावा. छातीत दुखले किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप लागली तर तिथेच थांबावे, आणि तपासणी त्याच दिवशी करावी. रात्री लघुशंकेला उठण्याच्या वाटेवर दिवा आणि न्हाणीघरात धरायला दांडा, एवढ्यानेही अनेक पडणी टळतात.

मुलांनो आणि सुनांनो, शेवटची विनंती तुम्हाला आहे. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ज्यांनी गावाची हजेरी घेतली, ते आता “मी आहे” हे सांगायला रांगेत उभे राहतात. त्या दिवशी त्यांच्यासोबत जा, पण कागद त्यांच्याच हाती राहू द्या. सही त्यांची, प्रश्नही त्यांनाच विचारू द्या. प्रेमापोटी आपण वडीलधाऱ्यांची सगळी कामे काढून घेतो आणि त्याबरोबर त्यांचा ताठ कणाही काढून घेतो.

आज संध्याकाळी त्यांच्या ज्या कानाला बरे ऐकू येते, त्या बाजूला बसा. तुम्हाला खरोखर न येणारे काहीतरी त्यांना विचारा. उत्तर लांबेल, मध्येच विषयांतर होईल. होऊ द्या. तास अजून संपलेला नाही.