फिरत्या घराचा भार

इंग्लंडमध्ये सुटीच्या दिवसांत रस्त्यांवर ‘मोटरहोम’ हमखास दिसतात. बिछाने, गॅसची शेगडी, न्हाणीघर, पाण्याची टाकी असा सारा संसार एकाच गाडीत! पण संसार म्हटला की सामान वाढणारच, आणि येथे त्याचा सगळा भार चार-सहा चाकांना वाहावयाचा असतो.

प्रत्येक मोटरहोमचे सामानासह कमाल वजन ठरलेले असते. पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत ते ३,५०० किलो असते. याला कारणही आहे. १ जानेवारी १९९७ पासून मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना तेथे साध्या परवान्यावर याहून जड पेट्रोल-डिझेल गाडी सामान्यतः चालवता येत नाही.

आता हिशेब पाहू. समजा, चालक व इंधन धरून गाडी ३,१०० किलोची आहे. उरले ४०० किलो. म्हणजे चार क्विंटल! पण आणखी तीन माणसांचे २१० किलो झाले. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे १०० लिटरचे १०० किलो. राहिले अवघे ९०! त्यातच अंथरुणे, भांडी, कपडे, शिधा आणि सायकली बसवायच्या. कपाटात जागा उरली, म्हणून वजनालाही वाव उरला असे नव्हे.

एकूण वजनाइतकेच महत्त्व ते कोठे ठेवले याला आहे. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. तोच न्याय येथेही लागू पडतो. पुढच्या व मागच्या आसांत चार मीटर अंतर असेल आणि मागच्या आसापलीकडे दोन मीटरवर ६० किलोच्या सायकली टांगल्या, तर मागच्या आसावर ९० किलो भार वाढतो व पुढचा ३० किलोंनी हलका होतो. पुढच्या चाकांची रस्त्यावरील पकड सैल पडते आणि वळताना गाडी नीट ऐकत नाही. भार मर्यादेबाहेर गेला, तर ब्रेक लावल्यावर थांबायला अंतर जास्त लागते आणि टायर तापून फुटण्याचा धोका असतो.

म्हणून जड वस्तू खाली, दोन्ही आसांच्या मध्ये व घट्ट बांधून ठेवाव्यात. वरच्या कपाटांत हलक्याच वस्तू असाव्यात. निघण्यापूर्वी माणसांसह भरलेली गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि प्रत्येक आसाचे वजन वेगळे करून घ्यावे. काटा जास्त दाखवू लागला, तर आधी टाकीतले पाणी कमी करावे. ते मुक्कामावरही भरता येते.