वाचणारं जाळं आणि वाचणारं मूल

मराठी घडाघडा वाचणारं मूल इंग्रजीत का अडखळतं, असं पालक वारंवार विचारतात. दोष मुलाचा नाही. मिंट, हिंट, लिंट जमतात न जमतात तोच पी-आय-एन-टी समोर येतं आणि ते वाचायचं असतं 'पाइंट'. इथे नियम तरी किती पाठ करणार?

१९८०च्या दशकात संगणकाला इंग्रजी वाचायला शिकवताना टेरेन्स सेज्नोव्स्की आणि चार्ल्स रोझेनबर्ग या संशोधकांनी नियमांचा नादच सोडला. त्यांच्या 'नेटटॉक' या जाळ्याला, म्हणजे मेंदूतल्या पेशींसारख्या एकमेकांना जोडलेल्या घटकांच्या संगणकी जाळ्याला, एका वेळी सात अक्षरं दिसत. मधल्या अक्षराचा उच्चार त्याने सांगायचा आणि चुकला की आतल्या जोडण्या किंचित बदलायच्या. पहिलीतल्या मुलाच्या बोलण्याचा उतारा त्याला दिला. सुरुवातीला नुसती बडबड, मग शब्द सुटे होऊ लागले, दहाएक फेऱ्यांत बोलणं समजू लागलं. पन्नास फेऱ्यांनंतर ९५ टक्के उच्चार बरोबर!

ती बडबड ऐकून अनेकांना तान्हं बाळ आठवलं. मला ही तुलना पटत नाही. बडबडणारं बाळ वाचत नसतं, आणि वाचायला बसलेलं मूल केव्हाच बोलायला शिकलेलं असतं. शिवाय नेटटॉकला प्रत्येक अक्षराचा अचूक उच्चार पुरवलेला होता. एवढं कोणत्या मुलाला मिळतं?

पुढे मार्क सायडनबर्ग आणि जेम्स मॅक्लेलंड यांचं १९८९चं जाळं सुमारे २९०० छोटे शब्द शिकलं, पण बनावट शब्द दिले की माणसांपेक्षा फार चुकायचं. १९९९मध्ये मायकल हार्म आणि सायडनबर्ग यांनी क्रमच बदलला. जाळ्याला आधी शब्दांचे ध्वनी शिकवले, अक्षरं नंतर. मग ध्वनींचा भाग मुद्दाम दुबळा केला, तर अनोळखी शब्दांपाशी जाळं अडू लागलं. डिस्लेक्सिया असलेल्या अनेक मुलांचं हेच होतं.

२००३मध्ये ब्रूस मॅककँडलिस यांच्यासह हार्म आणि सायडनबर्ग यांनी अशा दुबळ्या जाळ्याची दुरुस्तीही करून पाहिली, आणि मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे काम. वाचन सुरू होण्याआधी ध्वनींची बाजू सावरली, तर जाळं नीट शिकलं. वाचायची चुकीची सवय जडल्यावर मात्र नुसत्या ध्वनींच्या सरावाने फारसं भागेना. तेव्हा शब्द फोडून, कोणत्या अक्षराला कोणता ध्वनी, हे एकेक करून जुळवावं लागलं.