चांदण्यातील चढण

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर कळसूबाईचे शिखर उभे आहे. समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच होय. माथ्यावर देवीचे लहानसे मंदिर असून नवरात्रात तेथे यात्रा भरते. पूर्वेकडील पायथ्याच्या बारी गावातून निघालेली वाट शेते ओलांडून चढणीला लागते व उभ्या कातळांपाशी लोखंडी शिड्यांवरून वर जाते. पावसाळा सरला, आकाश निवळले आणि पौर्णिमा जवळ आली की पुष्कळ लोक ही वाट दिवसा न चढता रात्री चढतात. उन्हाचा ताप चुकतो, तहान कमी लागते आणि सूर्योदयाच्या वेळी माथ्यावर असता येते. रात्र कोजागरीची असली, तर दुधाचे भांडेही बरोबर घेतलेले असते.

अशा रात्री ‘अगदी दिवसासारखा उजेड पडला आहे’ असे सहज म्हटले जाते. हे बोलणे कानाला गोड लागते. पण कड्याच्या वाटेवर पाऊल टाकताना त्यावर विसंबणे बरे नव्हे. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. तो सूर्याचा प्रकाश परावर्तित करतो, आणि तोही फार थोडा. चंद्राची भूमी दिसते तशी रुपेरी नसून जुन्या डांबरी सडकेसारखी काळपट आहे. तिच्यावर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकी सुमारे बारा भागच परत फिरतात. परिणामी पूर्ण चंद्राचा उजेड भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे चार लाखांश एवढाच भरतो. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो म्हणून त्याचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा असेल, असे वाटण्याचा संभव आहे; वस्तुतः तो जेमतेम दशांश असतो. त्या दिवशी सूर्याचे किरण चंद्रावर तिरपे पडतात आणि तेथील डोंगरांच्या व विवरांच्या सावल्यांनी उजळ भागही काळवंडलेला असतो.

मग इतक्या अल्प प्रकाशात वाट दिसते कशी? याचे श्रेय चंद्रापेक्षा मानवी डोळ्याला अधिक आहे. डोळ्याच्या आतील दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात व रंग ओळखतात. दंडपेशींना रंग कळत नाहीत, परंतु अत्यंत मंद प्रकाशही त्यांना जाणवतो. दिव्याच्या उजेडातून बाहेर पडताच या दंडपेशी कामाला लागत नाहीत. त्यांची संवेदनशक्ती हळूहळू वाढते आणि ती पुरती जागी होण्यास अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणूनच गावातील दिवे मागे टाकल्यावर प्रथम काळोख दाटल्यासारखा वाटतो, आणि पहिला चढ संपेतो बांध, झुडपे व पायवाटेची पांढुरकी रेघ दिसू लागते. चांदणे वाढलेले नसते. डोळा तयार झालेला असतो.

ही तयारी मोडायला मात्र क्षण पुरतो. कोणी हौसेने विजेरीचा पांढरा झोत सोबत्याच्या तोंडावर टाकला, की त्या सोबत्याची रात्रीची दृष्टी गेलीच म्हणून समजावे. ती पूर्ववत होण्यास पुन्हा पुष्कळ मिनिटे लागतात. शिडीच्या मध्यावर असे झाले, तर गंमत कोणत्या थराला जाईल हे सांगायला नको. विजेरी बरोबर हवीच, पण तिचा झोत जमिनीकडे असावा. तांबड्या काचेतून आलेला मंद उजेड दंडपेशींना फारसा बाधत नाही, म्हणून रात्री काम करणारे आकाशनिरीक्षक तोच वापरतात.

दंडपेशींच्या राज्यात आणखी काही चमत्कार घडतात. तांबडे फूल काळे दिसते, तर हिरवे पान त्या मानाने उजळ भासते. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने हा फरक संधिप्रकाशात टिपला व १८२५ मध्ये तो प्रसिद्ध केला. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात. त्यामुळे सावलीतील एखाद्या धोंड्याकडे टक लावून पाहिले, तर तो नाहीसा होतो. नजर जराशी बाजूला वळवली की पुन्हा दिसतो. भुताखेतांच्या किती गोष्टी या एका कारणाने जन्मल्या असतील, कोण जाणे!

खरा धोका सावल्यांचा आहे. दिवसा सावलीतही आकाशाचा उजेड पोहोचतो, म्हणून तेथील खाचखळगे दिसतात. चांदण्यात आकाशाचा तो उजेड डोळ्याला पुरत नाही. दगडाची सावली खड्ड्यासारखी दिसते, आणि खरा खड्डा सावलीसारखा. कोजागरीच्या सुमारास सह्याद्रीतील गवत कमरेइतके वाढलेले असते व दवाने भिजलेले असते. फुरसे, मण्यार यांसारखे विषारी सर्पही रात्रीच बाहेर पडतात. गवतात शिरताना काठी आपटावी आणि विजेरी लावावी, असे जाणते लोक सांगतात. तेथे चांदण्याचा अभिमान कामाचा नाही.

डोंगराची कोणती बाजू चढायची, यावरही पुष्कळ अवलंबून असते. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेस उगवतो, मध्यरात्री सर्वांत उंच येतो आणि सूर्योदयाच्या सुमारास पश्चिमेस मावळतो. बारीची वाट पूर्वेच्या उतारावर असल्यामुळे संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत ती उजळलेली असते. पण पहाटे चंद्र पश्चिमेकडे कलला की डोंगराचीच सावली तिच्यावर पडू लागते. उशिरा निघालेल्यांना शेवटच्या शिड्या अंधारात चढाव्या लागतात, त्या यामुळेच. ऋतूचाही यात भाग असतो. मार्गशीर्ष-पौषातील पूर्ण चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, तर ज्येष्ठ-आषाढातील दक्षिणेकडे कललेलाच राहतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे रायगडच्या हिरकणीची कथा निराळीच भासू लागते. कोजागरीच्या दिवशी गडावर दूध विकण्यास गेलेल्या या गवळणीला परतण्यास उशीर झाला, दरवाजे बंद झाले, आणि घरी ठेवलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने ती कडा उतरून गेली, असे परंपरा सांगते. चांदण्यामुळे तिला वाट दिसली असेल, असा समज सहज होतो. परंतु तिच्या नावाचा बुरूज गडाच्या पश्चिम बाजूला आहे. संध्याकाळी चंद्र पूर्वेस असताना पश्चिमेचा कडा गडाच्याच सावलीत असतो. कथा ज्या वेळेची सांगितली जाते त्या वेळी कड्याखालचे दूरचे खोरे चांदण्यात न्हाले असेल, पण तिच्या हातापायांखालचा कातळ मात्र काळाच असणार.

कळसूबाईच्या माथ्यावर पोहोचलेल्यांना पहाटे दोन्ही ज्योती एकाच वेळी पाहावयास मिळतात. पश्चिमेस चंद्र फिकट होऊन कोकणाच्या धुक्यात उतरत असतो. अलंग, मदन व कुलंग हे तीन दुर्ग प्रथम नुसत्या काळ्या आकृती असतात, मग त्यांच्या कड्यांवर रेषा उमटतात. खाली भंडारदऱ्याचा जलाशय राखी रंगाचा दिसतो. पूर्वेस सूर्यबिंब वर येताच शिखराची लांबलचक त्रिकोणी सावली पश्चिमेकडे पसरते, आणि मंदिरावरच्या भगव्या निशाणाचा रंग, जो रात्रभर कोणाला दिसलेला नसतो, हळूहळू ओळखू येऊ लागतो.